वांगणीच्या फलाटावरचा बटाटावडा आणि शेजारून जाणारे तारे

मुंबईतल्या आकाशवेड्यांना वांगणी नवीन नाही. कर्जत लोकलने बदलापूर सोडले की पुढचे स्थानक वांगणी. अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी खांद्यावर सतरंजी, हातात थर्मास आणि पाठीवर दुर्बिणीचा ट्रायपॉड घेतलेली माणसे तिथे उतरताना गेली कित्येक वर्षे दिसत आली आहेत. एप्रिलमध्ये मी ज्या सशुल्क आकाशदर्शनाला गेलो, त्याचे वेगळेपण जागेत नसून विषयात होते. शनीची कडी, मृगातला तेजोमेघ, गुरूचे चंद्र या ठरलेल्या मेजवानीऐवजी आयोजकांनी अख्खी रात्र एकाच विषयाला दिली होती: आपल्या सूर्यमालेच्या जवळून गेलेले, जाणारे आणि पुढे जाऊ घातलेले तारे. हा विषय पाहण्यापेक्षा मोजण्याचा अधिक आहे, आणि जे डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही ते लोकांना पैसे घेऊन दाखवायचे कसे, ही आयोजकांची खरी परीक्षा होती. या परीक्षेत ते बऱ्याच अंशी उत्तीर्ण झाले. कुठे झाले नाहीत तेही पुढे येईलच. आयोजक म्हणजे हौशी निरीक्षकांचा लहानसा गट आहे आणि माझ्या तक्रारी मी त्यांना थेट कळवल्या आहेत, त्यामुळे त्यांचे नाव इथे लिहीत नाही.

शुल्क माणशी १,२०० रुपये होते. त्यात रात्रीचे जेवण, मध्यरात्रीचा चहा, सकाळचे पोहे आणि २४ पानांची एक पुस्तिका मिळते. लोकलचे तिकीट ज्याचे त्याने काढायचे. आम्ही २७ जण होतो, तीन दुर्बिणी होत्या आणि त्यांतली सर्वांत मोठी आठ इंची परावर्ती दुर्बीण होती. वांगणीपर्यंतचा प्रवास आणि रात्रभराचा खर्च पाहता ही रक्कम जास्त वाटली नाही.

आधी जाहिरातीविषयी बोलले पाहिजे, कारण पहिला खटका तिथेच उडाला. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रात आगीच्या लोळासारखा एक तारा पृथ्वीच्या अंगावर येताना दाखवला होता आणि खाली लिहिले होते, ‘सूर्यावर चाल करून येणारा तारा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा!’ त्या ताऱ्याचे नाव ग्लीझ ७१०. तो आज सुमारे ६२ प्रकाशवर्षे दूर आहे, साध्या डोळ्यांना मुळीच दिसत नाही, आणि तो सूर्यावर चाल करून येत नसून सुमारे १३ लाख वर्षांनी सूर्यापासून एका प्रकाशवर्षाच्या सहाव्या हिश्शाइतक्या अंतरावरून निघून जाणार आहे. जाहिरात वाचून आलेल्या एका कुटुंबातल्या दहाबारा वर्षांच्या मुलीने गाडीतच विचारले, “सर, तो तारा किती वाजता येणार?” प्रमुख मार्गदर्शक हे निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना सरच म्हणत होते. त्यांनी जाहिरातीची बाजू घेतली नाही. “अगं, तो आज येणार नाही, तुझ्या नातवंडांच्या वेळीही येणार नाही, पण तो येतोय हे आपल्याला कळले कसे, ते आज तुला सांगतो,” असे ते म्हणाले. हेच वाक्य जाहिरातीत छापले असते, तर कदाचित दहा माणसे कमी आली असती आणि जी आली असती ती अधिक समाधानाने परतली असती.

कार्यक्रमाचा सर्वोत्तम भाग मोकळ्या माळावर घडला नाही, तो घडला वांगणीच्या फलाटावर, आणि तेही उजेड असताना. गाडी निघून गेल्यावर सरांनी आम्हाला फलाटाच्या टोकाला नेले, जिथे मोटरमनची केबिन येऊन थांबते. वाटेत त्यांनी एक बटाटावडा घेतला होता. तो कागदासकट बाकावर ठेवून ते म्हणाले की, पृथ्वी आणि सूर्य यांच्यातले सुमारे १५ कोटी किलोमीटरचे अंतर आपण एक मिलिमीटर मानू. या प्रमाणात नेपच्यून सूर्यापासून तीन सेंटिमीटरवर येतो. म्हणजे वड्याच्या मध्यावर सूर्य मानला, तर सगळे ग्रह वड्याच्या आतच राहतात. सूर्य स्वतः मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. १९७७ साली निघालेले आणि माणसाने सर्वांत लांब पाठवलेले व्हॉयेजर १ हे यान जवळजवळ पन्नास वर्षांत वड्याच्या मध्यापासून सतरा सेंटिमीटरच्या आसपास पोहोचले आहे, म्हणजे अजून बाकावरच आहे. आणि एक प्रकाशवर्ष, अर्थात सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर, या प्रमाणात होते ६३ मीटर.

मग आम्ही फलाटावरून चालू लागलो. लोकलचा एक डबा साधारण एकवीस मीटरांचा धरला, तर एका प्रकाशवर्षात तीन डबे बसतात. आज सूर्याला सर्वांत जवळ असलेला तारा प्रॉक्सिमा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे २६८ मीटर. बारा डब्यांची लोकल संपूर्ण ओलांडून आणखी वीसएक पावले. तिथे पोहोचेपर्यंत मागे वळून पाहिले तर बाकावरचा वडा दिसेनासा झाला होता. ज्याने ज्याने अंतरांचे आकडे आजवर नुसते वाचले आहेत, त्याने एकदा असे चालून पाहावे. पुस्तकातले ‘४.२४’ हे सहज गिळता येते. बारा डबे चालताना मात्र मधले प्रत्येक पाऊल रिकामे आहे, ही जाणीव पायांना होते.

फलाटावरचे हे मोजमाप केवळ गंमत म्हणून केलेले नव्हते, पुढची सारी रात्र त्याच्या आधारे चालली. सूर्याच्या भोवती, ग्रहांच्या खूप पलीकडे, बर्फाळ गोळ्यांचे एक विरळ आवरण असावे, असे यान ऊर्ट या डच शास्त्रज्ञाने १९५० साली मांडले. ऊर्टच्या या मेघाची बाहेरची हद्द पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे एक लाख पटींपर्यंत जाते असे मानतात. फलाटावर ती पाचव्या डब्यात येते. त्या गोळ्यांवर सूर्याची पकड फार सैल असते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते, तर मेघाच्या मध्यावरच्या गोळ्याचा वेग सेकंदाला जेमतेम शे-दीडशे मीटर भरतो. त्यामुळे एखादा परका तारा जवळून गेला आणि त्याने थोडीशी ओढ दिली, तरी काही गोळ्यांचा मार्ग बदलतो. काही कायमचे बाहेर फेकले जातात आणि काही सूर्याकडे झुकतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर पश्चिमेला जो त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू अनेकांनी पाहिला, तोही त्याच दूरच्या मेघातून आलेला पाहुणा होता.

असे तारे कितीदा जवळून जातात, या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही वर्षांत पुष्कळ सुधारले आहे. युरोपीय अवकाश संस्थेचे गाया हे यान डिसेंबर २०१३ मध्ये सोडले गेले आणि जानेवारी २०२५ पर्यंत ते ताऱ्यांची स्थाने, अंतरे व गती मोजत राहिले. त्याच्या २०१८ मधील माहितीवरून काढलेल्या अंदाजानुसार दर दहा लाख वर्षांत सुमारे २० तारे सूर्यापासून सव्वातीन प्रकाशवर्षांच्या आत येऊन जातात, म्हणजे पन्नास हजार वर्षांत एखादा तारा आपल्या फलाटावरच्या पहिल्या दहा डब्यांच्या मर्यादेत येतो. त्याआधीच्या हिप्पार्कोस यानाने १९८९ ते १९९३ या काळात सुमारे एक लाख १८ हजार तारे असे बारकाईने मोजले होते; गायाच्या यादीत १८० कोटींच्या आसपास नोंदी आहेत. सरांनी हा फरक सांगितला आणि कोणतेही विशेषण न लावता ते पुढे गेले. त्यांच्या अध्यापनातली ही गोष्ट मला फार आवडली.

माळावर सतरंज्या टाकून बसेपर्यंत सव्वाआठ झाले. पश्चिमेकडे व्याध तेजाने झळकत होता, त्याच्या वर प्रश्वा होता. या दोघांच्या मधल्या काळ्या पट्ट्याकडे, शृंगाश्व या फिकट तारकासमूहाकडे, सरांनी हिरव्या लेझरने बोट दाखवले आणि सांगितले की तिथे शोल्झचा तारा आहे. तो आपल्या आठ इंची दुर्बिणीतूनही दिसणार नाही, म्हणून दुर्बीण तिकडे वळवत नाही. एक मंद तांबडा लघुतारा आणि त्याच्या सोबतीला त्याहून मंद तपकिरी लघुतारा (पुरता तारा होऊ न शकलेला गोळा) अशी ती जोडी असून आज ती सुमारे २२ प्रकाशवर्षांवर आहे. राल्फ-डिटर शोल्झ या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने ती शोधली. २०१५ साली एरिक मामाजेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की हा तारा आकाशात जवळजवळ सरकतच नाही, पण आपल्यापासून मोठ्या वेगाने थेट दूर चालला आहे. याचा अर्थ असा की तो पूर्वी आपल्या अगदी जवळ होता. सुमारे ७० हजार वर्षांपूर्वी तो ०.८ प्रकाशवर्षांवरून गेला असावा, असा तेव्हाचा हिशेब होता. फलाटावर तिसरा डबा. पुढे त्या जोडीतले दोन्ही तारे एकमेकांभोवती फिरतात, त्या हालचालीचा हिशेब नीट धरल्यावर हा प्रसंग सुमारे ८० हजार वर्षांपूर्वीचा आणि अंतर एका प्रकाशवर्षाहून किंचित अधिक ठरले. “थोडक्यात, शोल्झसाहेब तिसऱ्या डब्यातून उठून चौथ्यात जाऊन बसले,” असे सर म्हणाले आणि अंधारात हशा पिकला.

माणूस तेव्हा पृथ्वीवर होता. त्याला तो तारा दिसला असेल का, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच होते आणि एका काकूंनी तो विचारला. इतक्या जवळ असतानाही तो नेहमीच्या अवस्थेत साध्या डोळ्यांना दिसला नसता, मात्र तांबड्या लघुताऱ्यांवर अधूनमधून जे भडके उडतात त्यांपैकी एखाद्या भडक्याच्या वेळी तो काही मिनिटे किंवा तास चमकून गेला असेल, एवढेच म्हणता येते. त्याने ढवळलेले धूमकेतू आपल्यापर्यंत पोहोचायलाही अजून वीसएक लाख वर्षे लागतील, कारण मेघाच्या त्या भागातून आत येण्याचा प्रवासच तेवढा मोठा आहे.

जेवणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. भाकरी, पिठले, ठेचा आणि खिचडी. सगळे गरम होते. चहा मात्र अडीच वाजता मिळायचा तो सव्वातीनला मिळाला.

एकच्या सुमारास स्वाती डोक्यावर आली. डोक्यावर हा शब्द इथे अगदी अक्षरशः घ्यावा, कारण आजच्या काळात स्वातीचे विषुववृत्तापासूनचे आकाशातले अंतर आणि वांगणीचे अक्षांश दोन्ही एकोणीस अंशांच्या किंचित पुढे आहेत. पाठीवर झोपल्याशिवाय ती पाहता येत नाही. स्वाती ३७ प्रकाशवर्षांवर आहे आणि सूर्याच्या तुलनेत सेकंदाला सुमारे १२२ किलोमीटर वेगाने चालली आहे. ती सध्या सूर्याच्या सर्वांत जवळच्या ठिकाणाच्या आसपासच आहे, सुमारे चार हजार वर्षांत ते ठिकाण गाठेल आणि मग दूर जात राहील. एडमंड हॅली यांनी १७१८ साली जुन्या ग्रीक नोंदींशी ताडून स्वाती, व्याध आणि रोहिणी हे तारे जागचे हलले आहेत हे दाखवले, आणि ताऱ्यांना अचल मानण्याची कल्पना तिथून मोडीत निघाली. सरांनी याला मराठमोळे माप दिले: ज्ञानेश्वरांच्या काळापासून आजपर्यंत स्वाती आकाशात जवळजवळ चंद्रबिंबाच्या रुंदीएवढी सरकली आहे. रात्रभरात साध्या डोळ्यांनी पाहिलेल्या ताऱ्यांपैकी ‘जवळून जाणारा’ हे विशेषण ज्याला खऱ्या अर्थाने शोभेल असा हा एकच तारा होता, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखही नव्हता.

त्यानंतर दक्षिणेकडे मित्र उगवून वर आला, वर म्हणजे क्षितिजापासून जेमतेम दहा अंश. मुंबईच्या अक्षांशावर तो याहून वर येतच नाही. नरतुरंगातला हा तारा दुर्बिणीतून पाहिला की दोन तारे दिसतात. क्षितिजालगतच्या धुरकट हवेमुळे ते दोघे पाण्याखालच्या दिव्यांसारखे हलत होते, तरी दोन आहेत हे स्पष्ट कळत होते. यांचाच तिसरा भाऊ प्रॉक्सिमा, १९१५ साली जोहान्सबर्गहून रॉबर्ट इनेस यांनी शोधलेला. तो अकराव्या प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) असल्याने त्या धुरकट हवेत आठ इंची दुर्बिणीतून सापडणे कठीणच होते. दहा मिनिटे प्रयत्न करून सरांनी तो नाद सोडला आणि तसे सांगून टाकले. हे तिन्ही तारे आपल्याकडे येत आहेत. सुमारे २७ हजार वर्षांनी प्रॉक्सिमा ३.१ प्रकाशवर्षांवर येईल, म्हणजे बारावा डबा ओलांडून उभी असलेली स्वारी नवव्या-दहाव्या डब्यापर्यंत सरकेल, आणि मग परत फिरेल.

याच सुमारास शेजारच्या फार्महाऊसवरच्या लग्नात आकाशात फिरणारे झोत सुरू झाले. त्यात आयोजकांचा दोष नाही, पण लग्नसराईच्या दिवसांत जागा निवडताना आजूबाजूला चौकशी करणे अवघड नव्हते. दक्षिणेकडचा अर्धा तास त्या झोतांनी खाल्ला.

पावणेतीनला जे दाखवले गेले, त्यासाठी मी हा कार्यक्रम पुन्हाही करेन. भुजंगधारीत बर्नार्डचा तारा आहे, सुमारे सहा प्रकाशवर्षांवर. तो साडेनवव्या प्रतीचा असल्याने साध्या डोळ्यांना दिसत नाही, दुर्बिणीत मात्र एक साधा, किंचित तांबूस ठिपका म्हणून दिसतो. रांगेत उभे राहून तो पाहिल्यावर माझ्या पुढच्या गृहस्थांचा चेहरा स्पष्टपणे ‘हेच का ते?’ असा झाला होता. मग सरांनी लॅपटॉप उघडला. पडद्यावर लाल जिलेटिनचा कागद चिकटवलेला होता, त्यामुळे डोळे दिपले नाहीत. त्यांनी याच दुर्बिणीने आठ वर्षांपूर्वी घेतलेले छायाचित्र आधी दाखवले आणि त्याच्यावर त्या रात्री, अर्ध्या तासापूर्वी घेतलेले छायाचित्र ठेवले. मग एक कळ दाबून ते दोन्ही चित्रे आलटून पालटून दाखवू लागले. साऱ्या पडद्यावरचे शेकडो ठिपके जागच्या जागी राहिले आणि एकच ठिपका टुणकन उडी मारून वर जाऊ लागला, पुन्हा खाली, पुन्हा वर. एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांना १९१६ साली छायाचित्रांच्या काचा ताडून जे सापडले, ते आम्ही सतरंजीवर बसून पाहत होतो. या ताऱ्याची निजगती, म्हणजे आकाशाच्या पार्श्वभूमीवर सरकण्याचा वेग, वर्षाला १०.३ विकला (एक विकला म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग) आहे आणि आजवर माहीत असलेल्या कोणत्याही ताऱ्याची निजगती याहून जास्त नाही. आठ वर्षांत तो गुरूच्या बिंबाच्या जवळजवळ दुप्पट रुंदीएवढा सरकतो. तो सेकंदाला ११० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येतही आहे, सुमारे दहा हजार वर्षांनी पावणेचार प्रकाशवर्षांवर येईल. पण तेव्हाही पहिला मान त्याला मिळणार नाही, कारण तोवर प्रॉक्सिमा त्याच्याहून जवळ आलेला असेल.

ज्या मुलीने गाडीत प्रश्न विचारला होता, तिने ती कळ स्वतः दाबायला मागितली आणि पुढची पाच मिनिटे तो ठिपका तिच्या बोटावर नाचत होता. मागच्या रांगेतले लोक कंटाळले नाहीत, उलट प्रत्येकाला एकदा ती कळ दाबायची होती.

ग्लीझ ७१० ची पाळी साडेतीनला आली आणि बर्नार्डनंतर तो आला हा क्रम विचारपूर्वक लावलेला होता. सर्पाच्या शेपटीतला हा तारा दुर्बिणीत बर्नार्डच्या ताऱ्याइतकाच क्षुल्लक दिसतो, पण त्याच्या जुन्या आणि नव्या छायाचित्रांत काहीच हलत नाही. जो तारा सर्वांत जवळ येणार तोच स्थिर दिसतो, हे ऐकताना विपरीत वाटते. फलाटाच्या टोकाला उभे राहून समोरून येणाऱ्या गाडीकडे पाहिले, तर तिचा दिवा बराच वेळ एका जागीच असल्यासारखा दिसतो, बाजूच्या रुळावरची गाडी मात्र भर्रकन सरकताना दिसते. सरांचा हा दाखला सगळ्यांना तत्काळ पटला. समोरून येण्याचा वेग वर्णपटातल्या रेषा किती सरकल्या यावरून मोजतात. तो या ताऱ्याच्या बाबतीत सेकंदाला सुमारे साडेचौदा किलोमीटर आहे. पुढचा हिशेब त्यांनी आमच्याकडूनच करून घेतला: सेकंदाला एक किलोमीटर वेगाने एक प्रकाशवर्ष कापायला तीन लाख वर्षे लागतात, बासष्ट गुणिले तीन लाख, भागिले साडेचौदा. काकूंनी मोबाइल न काढता उत्तर दिले, “तेरा लाखाला थोडी कमी.”

फलाटाच्या प्रमाणात सूर्य सीएसएमटीला ठेवला, तर ग्लीझ ७१० आज ३.९ किलोमीटरवर, म्हणजे भायखळ्याच्या आसपास आहे, आणि तो वर्षाला तीन मिलिमीटर पुढे सरकतो. आपली नखे वर्षात याच्या दहा-बारा पट वाढतात. १३ लाख वर्षांनी तो सीएसएमटीपासून साडेदहा मीटरांवरून, अर्ध्या डब्याच्या अंतरावरून जाईल. २०१६ मधल्या हिशेबात हे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या १३ हजार पटींहून अधिक येत होते. नव्या मोजमापांनी ते साडेदहा हजारांच्या आसपास आणले आहे. तेव्हा तो आकाशात आजच्या गुरूसारखा तेजस्वी दिसेल. ग्रहांच्या कक्षांना त्याच्यामुळे काही होणार नाही, अर्धा डबा म्हणजे वड्याच्या मानाने पुष्कळ लांब. धूमकेतूंची वर्दळ मात्र नंतर लाखो वर्षे वाढलेली राहील.

आता पुस्तिका आणि स्वयंसेवक. पुस्तिकेची छपाई सुबक आहे, नकाशे स्वच्छ आहेत, पण मजकूर शेवटचा कधी तपासला कोण जाणे. पान ९ वर शोल्झच्या ताऱ्याचे २०१५ चेच आकडे आहेत, जे सरांनी तोंडी दुरुस्त केले. पान १४ वर सूर्याच्या ‘नेमेसिस’ नावाच्या छुप्या जोडीदाराची गोष्ट तो जणू सापडलाच आहे अशा थाटात दिली आहे. पृथ्वीवरचे जीवसंहार सुमारे २६ कोटी नव्हे, २६ दशलक्ष वर्षांच्या अंतराने होत असावेत, या दाव्यावरून १९८४ मध्ये ही कल्पना निघाली होती (पुस्तिकेत हा आकडाही कोटीत छापला आहे). वाइज या अवरक्त दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०१४ मध्ये जे निष्कर्ष आले, त्यांत पृथ्वी-सूर्य अंतराच्या २६ हजार पटींपर्यंत गुरूएवढेही काही आढळले नाही. सूर्याचा जोडीदार तारा तर त्याहून कितीतरी मोठा असायला हवा होता.

दुसरी गोष्ट अधिक खटकली. चारच्या सुमारास अभिजित चांगला वर आलेला असताना एका तरुण स्वयंसेवकाने आमच्या कोंडाळ्याला सांगितले की महाभारताच्या वनपर्वात अभिजित आकाशातून ढळल्याचा उल्लेख आहे, तो म्हणजे या ताऱ्याच्या गतीचा पुरावाच. उल्लेख आहे हे खरे. पण अभिजितची निजगती वर्षाला विकलेचा सुमारे तिसरा हिस्सा आहे, त्या हिशेबाने पाच हजार वर्षांत तो चंद्रबिंबाच्या रुंदीएवढा सरकला आणि आपल्याकडे येण्याच्या त्याच्या वेगाने त्याच काळात २५ प्रकाशवर्षांपैकी पाव प्रकाशवर्षही जवळ आला नाही. एवढ्याने कोणी ‘ढळला’ म्हणणार नाही. अर्थ शोधायचाच असेल तर पृथ्वीच्या आसाच्या २६ हजार वर्षांच्या डोलण्यात शोधावा. मी हे त्याला सांगितल्यावर त्याने “काका, ऐकायला तर छान वाटतं ना,” असे उत्तर दिले. ज्या रात्री सर प्रत्येक आकडा चालून आणि भागाकार करून दाखवत होते, त्याच रात्री हे ऐकावे लागले.

सोयींबद्दल थोडक्यात: स्वच्छतागृह एकच आहे आणि ते माळापासून पाच मिनिटांच्या अंतरावर आहे, वाटेत दिवा नाही आणि नसावाच, पण लाल कागद लावलेल्या विजेऱ्या आयोजकांनी पुरवायला हव्या होत्या. वयस्कर माणसांसाठी चार खुर्च्या होत्या, त्या सात लागल्या असत्या. लहान मुलांना बारानंतर झोप आवरत नाही आणि कार्यक्रमाचा खरा गाभा पावणेतीननंतर आहे, त्यामुळे मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी त्यांना दुपारी झोपवून न्यावे. दाट कापसाचे पांघरूण एप्रिलमध्येही लागते, दव पडते.

मे महिन्याच्या तुकडीला माझ्या इमारतीतले एक शेजारी गेले होते. त्यांनी आणलेली पुस्तिका मी मुद्दाम पाहायला घेतली. मुखपृष्ठावरचा आगीचा लोळ तसाच होता. पान १४ ही तसेच होते. पान ९ वर मात्र पांढऱ्या कागदाची एक पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर शाईच्या पेनाने, शाळेच्या फळ्यावर असते तशा वळणदार अक्षरात लिहिले होते: ‘तिसऱ्याऐवजी चौथा डबा वाचावा.’